बागेत टांगलेलं लग्न

रहिमतपूरच्या नाथाजींवर आयुष्यात पुष्कळ आळ आले, पण मेव्हण्याला फेटा बांधला नाही हा आळ त्यांच्या फारच जिव्हारी लागला. पाटबंधारे खात्यातून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. कालवा कुठून कुठे जातो हे त्यांना नोकरीत कधीच नीट सांगता आलं नाही, पण तो तिथून जातो याचा पुरावा कुठल्या कपाटात आहे हे ते झोपेतही सांगत. अशा माणसाला भर बैठकीत, तेही होणाऱ्या व्याह्यांच्या देखत, पुरावा मागितला गेला होता.

बैठक उंब्रजला होती. मुलगा वीरधवल पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, त्याचं लग्न उंब्रजच्या रेश्माशी ठरलं होतं, आणि साखरपुडा उरकून मंडळी मानपानाच्या बोलण्यांना बसली होती. फेटा आधी कुणाला, मग कुणाला, हे ठरत होतं. नवरदेवाचा मामा म्हणून पहिलं नाव निघालं लालासाहेबांचं. लालासाहेब म्हणजे नाथाजींच्या पत्नी लीलाबाई यांचे थोरले बंधू, तासगावाकडचे द्राक्षबागायतदार. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, मिशीवरची कोथिंबीर पुसली आणि शांतपणे बॉम्ब टाकला.

"माझं नाव घालू नगा फेट्यात. अंकीच्या लग्नात बी मी मामाच हुतो. तवा बोडक्यानंच हुबा ऱ्हायलो की पोरीच्या मागं."

अंकी म्हणजे अंकिता, नाथाजींची थोरली मुलगी. तिच्या लग्नाला पंधरा-सोळा वर्षं उलटली होती. ती आता कोयनानगरला दोन मुलांना सांभाळत होती. इतकी वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन दर भाऊबीजेला पुरणपोळी वाढत होता, याचंच नाथाजींना आश्चर्य वाटलं. फेटा त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधला होता. केशरी होता. त्यांना तो लख्ख आठवत होता. त्यांनी तसं सांगितलं. लालासाहेब म्हणाले, दाखवा. नाथाजी म्हणाले, दाखवतो, शूटिंग आहे. लालासाहेब म्हणाले, मग दाखवल्याबिगर मी लग्नाला येत न्हाई.

परत आल्यावर घरात शिरताना लीलाबाई उंबऱ्यावर थांबून म्हणाल्या, "आवं, दादा पोराच्या पाठीमागं हुबा ऱ्हायला न्हाई, तर मी काय मांडवात पाय ठेवायची न्हाई. तुमी आन तुमचं शूटिंग बघून घ्या." नाथाजी हसले. कपाट उघडायचं, डिस्क काढायची, मेव्हण्याच्या मिशीसमोर धरायची, एवढंच तर काम होतं. त्यांनी कपाट उघडलं. आत मिक्सरचं खोकं आणि दोन रजया होत्या.

मग त्यांना दिवाळी आठवली.

दिवाळीत वीरधवलने घराची सफाई काढली होती. या कपाटात नाथाजींच्या सगळ्या डिस्का होत्या. वाढदिवस, वास्तुशांत, योगासनं, 'घरबसल्या इंग्रजी शिका'चे पहिले चार भाग, आणि अंकिताचं लग्न दोन भागांत. प्रत्येकीला प्लॅस्टिकचं पाकीट आणि प्रत्येक पाकिटावर नाथाजींच्या वळणदार अक्षरात विषय. वीरधवलने हा खजिना बघून कपाळावर हात मारला. आप्पा, आता डिस्क कोण ठेवतं, सगळं डाउनलोड होतं, टीव्हीला भोकसुद्धा राहिलं नाही घालायला, असं त्याचं म्हणणं. कॉलेजात असतानाच आपण हे सगळं क्लाउडवर चढवून ठेवलंय, असंही त्याने ठणकावून सांगितलं. जे हातात धरता येत नाही ते आपलं नव्हे, असं नाथाजींचं म्हणणं. बापलेकांचं यावरून फराळाच्या ताटावर चांगलंच जुंपलं. शेजारचे सुभेदार धोंडिराम, हे फौजेतून निवृत्त झाले असले तरी फौज त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती, त्यांनी चिवड्याचा बोकणा भरत निकाल दिला की जमाना पोराचा आहे. दोनास एक मतांनी नाथाजी हरले.

पण फेकून द्यायला त्यांचा जीव होईना. तेव्हा लीलाबाईंनी तोड काढली. द्राक्षात मणी भरायला लागले की बुलबुल आणि साळुंक्या तुटून पडतात. मग बागायतदार वेलींच्या मांडवाला जुन्या डिस्का दोऱ्याने टांगतात. त्या वाऱ्यावर फिरतात, चमकतात, आणि पाखरं बिचकतात. दादाच्या बागेला उपयोग होईल म्हणून लीलाबाई भाऊबीजेला एक पोतं भरून डिस्का माहेरी घेऊन गेल्या होत्या. म्हणजे नाथाजींचा पुरावा आता थेट आरोप करणाऱ्याच्या बागेत टांगलेला होता, आणि पाखरं सोडली तर त्याला कुणी भीत नव्हतं.

वीरधवल मात्र निर्धास्त होता. क्लाउड आहे की, म्हणाला. त्याने लॅपटॉप उघडला, पासवर्ड घातला, तो चुकला. दुसरा घातला, तोही चुकला. मग यंत्राने सांगितलं की तुमच्या मोबाईल नंबरवर ओटीपी पाठवला आहे. कुणाचाच मोबाईल वाजला नाही. बऱ्याच वेळाने उलगडा झाला. खातं उघडलं होतं सांगलीला कॉलेजात असताना, आणि तेव्हाचा नंबर वीरधवलने पुण्याला गेल्यावर सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी बापलेक साताऱ्याला, मोबाईल कंपनीच्या ऑफिसात. तिथल्या मुलीने टोकन दिलं, टोकनावरचा आकडा पुकारला, आणि गोड आवाजात सांगितलं की तो नंबर आता दुसऱ्या ग्राहकाला दिलेला आहे. कुणाला, ते सांगता येत नाही. त्या ग्राहकाची संमती असेल तर सांगता येईल. संमती घ्यायला ग्राहक कोण ते कळायला नको का, असं नाथाजींनी विचारलं. मुलगी म्हणाली, बरोबर आहे सर. चाळीस वर्षं नाथाजींनी खिडकीच्या आतल्या बाजूने लोकांना हेच ऐकवलं होतं. बाहेरच्या बाजूला हे ऐकायला इतकं वाईट वाटतं याची त्यांना कल्पना नव्हती.

यावर तोड धोंडिरामांनी सांगितली. नंबर तुमाला ठावं हाय ना, मग लावा की फोन. इतकी साधी गोष्ट इंजिनिअर मुलाला आणि हेडक्लार्क बापाला सुचली नव्हती. फोन लावला. पलीकडून आधी बकरी ओरडली, मग माणूस बोलला. बिराप्पा नाव, मेंढपाळ, सध्या तळ उंब्रजच्या पुढे, हायवेच्या खालच्या रानात. नाथाजींनी अदबीने सांगितलं की आपल्या मोबाईलवर सहा आकडे येतील, तेवढे कृपया वाचून दाखवावेत. पलीकडे क्षणभर फक्त मेंढरं ऐकू आली.

"तुमच्यावाणी लय आलं," बिराप्पा म्हणाला आणि फोन ठेवला.

नाथाजींचा चेहरा पडला. नोकरीत त्यांच्यावर एक शिंतोडा उडाला नव्हता, आणि म्हातारपणी ते ऑनलाइन भामटे ठरले होते. धोंडिरामांनी फोन हिसकावून पुन्हा लावला आणि परेडच्या आवाजात सांगितलं, मैं सुभेदार धोंडिराम बोलतोय, आर्मी. यावर बिराप्पा म्हणाला की असंच आर्मीचं नाव सांगून गेल्या महिन्यात त्याच्या मेव्हण्याला बुडवलं होतं, आणि त्याने नंबर ब्लॉक केला. तीस वर्षं देशाची सेवा करून हेच ऐकायचं का, असं म्हणत धोंडिराम बराच वेळ तुळशीपाशी उभे होते.

आता समोरासमोर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. धोंडिरामांची जीप निघाली. अपमान झाल्यामुळे आता हे प्रकरण त्यांचंही झालं होतं. रानात बिराप्पाची कुत्री प्रथम भेटली, आणि तिघांनी बराच वेळ जीपमध्येच बसून संभाषण केलं. मग बिराप्पा आला, पिवळा पटका, खांद्यावर घोंगडं, हातात मोबाईल. त्याने तिघांना खाली उतरवून घोंगड्यावर बसवलं आणि चहा टाकला. वीरधवलने लॅपटॉप उघडून, त्याला बिराप्पाच्याच मोबाईलचं नेट जोडून ओटीपी मागवला. बिराप्पाचा फोन वाजला. पण पाव्हण्यांनी चहा घेतल्याबिगर बोलायचं नाही असा त्याचा रिवाज, आणि मेंढीच्या दुधाचा चहा सावकाश उकळतो. ओटीपी मेला. दुसरा मागवला. तोवर एक कोकरू लॅपटॉपच्या वायरीत अडकलं. तोही मेला.

तिसऱ्या वेळी बिराप्पाने मोबाईल छातीशी धरून सांगितलं की त्याची लेक शाळेत शिकते, आणि तिने बजावलंय, ओटीपी सख्ख्या बापाला बी सांगायचा न्हाई. इथे तर तोच बाप होता, तरी नियम म्हणजे नियम. नाथाजींनी हात टेकले. शेवटी काही सुचेना म्हणून त्यांनी त्याला सगळी हकिगत सांगितली. भाची, मामा, केशरी फेटा, भर बैठकीतला आळ, आणि मांडवात पाय न ठेवण्याची लीलाबाईंची भाषा. बिराप्पा ऐकता ऐकता पुढे सरकला.

"मामाच्या फेट्याचं हाय व्हय? मग आदी का न्हाई बोलला?" तो म्हणाला. "पर सांगणार मी कुणालाच न्हाई. आणा ते मशीन हिकडं. माझं मीच टाकतो."

आणि एका बोटाने, दुसऱ्या हाताने आडोसा धरून, कुणालाही न सांगता बिराप्पाने सहा आकडे टाकले. खातं उघडलं. नाथाजींचा जीव भांड्यात पडला. 'ताई लग्न १' डाउनलोड व्हायला लागलं, तेही बिराप्पाच्याच नेटवर, कारण त्या रानात दुसऱ्या कुणाला रेंज नव्हती. चौघे डोक्याला डोकं लावून बसले. हळद लागली. बँड आला. कॅमेरावाल्याने आचाऱ्यांचं एवढं लांबलचक शूटिंग घेतलं होतं की भात शिजेपर्यंतचा सगळा प्रकार त्यात होता. बिराप्पाने जेवणात काय होतं ते विचारून घेतलं. नवरा घोड्यावर बसला, मांडवाच्या दारात उतरला, आणि पडद्यावर गुलाबाची पाकळी उलगडून अक्षरं आली, 'उर्वरित सोहळा भाग दोनमध्ये'.

भाग दोन क्लाउडवर नव्हता. वीरधवलने दोनदा शोधलं, मग मान खाली घालून कबूल केलं की हॉस्टेलचं नेट त्या दिवशी संपलं होतं, आणि दुसरी डिस्क चढवायची राहून गेली. नाथाजींनी फक्त आकाशाकडे पाहिलं, जिथे ढग म्हणून नावालाही नव्हता. निघताना बिराप्पाने नाथाजींच्या नंबरावरचा ब्लॉक काढला आणि तो जीपपर्यंत सोडायला आला. फेटा बांधला हुता का न्हाई, मला कळवा गड्या, जीव लागून ऱ्हायला, म्हणाला.

तेव्हा उरली ती बाग. लालासाहेबांना विचारून डिस्क शोधायची, ही सरळ वाट होती. पण ज्याने आळ घेतला त्याच्यापुढे जाऊन, माझा पुरावा तुमच्या बागेत पाखरं हाकतोय, तेवढा काढून देता का, असं म्हणायला नाथाजींची जीभ रेटेना. म्हणून बेत ठरला. धोंडिरामांनी त्याला ऑपरेशन म्हटलं आणि रांगोळीने अंगणात नकाशा काढला. दर आठवड्याला लालासाहेब बेदाण्याच्या सौद्यांना सांगलीला जातात, त्या दिवशी जायचं. लीलाबाईंनी घरात वहिनीशी, म्हणजे आक्काताईंशी, लग्नाच्या साड्यांवर बोलत बसायचं, आणि पुरुषांनी बागेत शिरायचं. डिस्क ओळखायची कशी, हा प्रश्न होता. उन्हाने अक्षरं उडालेली असणार. लीलाबाई म्हणाल्या, अंकीच्या लग्नाच्या डिस्कावर मी लाल नेलपॉलिशचे टिपके दिलेले, पयल्या भागाला एक आन दुसऱ्याला दोन, पोरानं त्यावर गेम भरू नये म्हणून.

बाग मोठी होती, आणि द्राक्षाचा मांडव नाथाजींच्या डोक्यापेक्षा चार बोटं खाली होता. घडांनी टकलावर टकटक करत ते वाकून वाकून पुढे चालले. जिकडे बघावं तिकडे त्यांचं आयुष्य लटकत होतं. एका वेलीला वास्तुशांत, दुसरीला योगासनं. वीरधवलचा पाचवा वाढदिवस गरगर फिरत होता आणि त्याच्या डोळ्यांवर कवडसा मारत होता. 'घरबसल्या इंग्रजी शिका'च्या चौथ्या भागाजवळ एक बुलबुल निवांत मणी टोचत होता. तीन भाग झाले तरी आपल्याला जे जमलं नाही ते याला काय जमणार, असं नाथाजींना वाटलं. प्रत्येक डिस्क उलटून बघायची म्हणजे आधी उतरवायला हवी. उतरवलेली पुन्हा बघितली जाऊ नये म्हणून गळ्यात अडकवायला हवी. थोड्याच वेळात तिघांच्याही गळ्यात डिस्कांच्या माळा झाल्या, आणि सदऱ्यावर फवारणीच्या औषधाचे निळे डाग. धोंडिराम रांगत होते. फौजेत असंच शिकवलंय, म्हणाले.

दोन लाल टिपके शेवटी वीरधवलला सापडले, एका दाट पानाआड, सावलीत, म्हणूनच शाबूत. त्याने आनंदाने आरोळी ठोकली. ती चूक झाली. पलीकडच्या ओळीत घड तपासणाऱ्या राहीबाईने पानं बाजूला सारली, आणि तिला गळ्यात चकचकीत माळा घातलेले, निळे झालेले तीन पुरुष दिसले. तिने जो ओरडा केला त्याने बागेतली सगळी पाखरं उडाली. डिस्कांना ते इतक्या महिन्यांत जमलं नव्हतं. बाया खुरपी घेऊन धावल्या. तेवढ्यात मोटारसायकल वाजली. सौदे त्या दिवशी लवकर आटपले होते.

लालासाहेबांनी गाडी स्टँडवर लावली आणि मेव्हण्याला टकलापासून चपलेपर्यंत न्याहाळलं.

"दाजी," ते म्हणाले, "द्राक्षं पायजे हुती तर मागायची. पेटी घरपोच दिली असती."

नाथाजींना भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण हातात पुरावा होता. त्यांनी ताठ व्हायचा प्रयत्न केला, मांडवात डोकं आपटलं, आणि वाकूनच जाहीर केलं की फेटा या डिस्कमध्ये आहे, आणि तो आत्ता, इथेच, सगळ्यांसमोर दाखवला जाईल. लालासाहेब म्हणाले, दाखवा. राहीबाई आणि बाकीच्या बायाही खुरप्यांसकट घरापर्यंत आल्या, कारण एवढं बघून काम करणं कुणालाच शक्य नव्हतं.

घरात लीलाबाई अजून साड्यांवरच होत्या. वरात आत आलेली बघून त्यांनी मांडीवरची साडी बाजूला ठेवली. दाखवायचं ठरलं खरं, पण दाखवायचं कशावर, हे आता सगळ्यांच्या ध्यानात आलं. वीरधवलच्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नव्हती. तो ही गोष्ट दिवाळीत अभिमानाने सांगत होता, आता नुसताच उभा राहिला. तेव्हा आक्काताई उठल्या. या माउलीने जन्मात कुठलीच वस्तू टाकली नव्हती. त्यांनी कोपऱ्यातल्या फुलदाणीखालचं विणकामाचं फडकं उचललं, आणि खाली डीव्हीडी प्लेयर निघाला. उंची बरी हाय म्हणून ठेवलाय, म्हणाल्या. माळ्यावरून जुना डबा टीव्ही उतरवण्यात आला.

डिस्कवर पाखरांनी आपली मतं नोंदवलेली होती. ती पुसायची कशी यावर पुन्हा परिषद भरली. धोंडिराम म्हणाले टूथपेस्ट. राहीबाई म्हणाली राख. आक्काताईंनी कुणाचं न ऐकता रिठ्याचं पाणी आणलं, ज्यात त्या पैठणी धुवायच्या, आणि पदराच्या टोकाने डिस्क अशी पुसली की लग्नातल्या माणसांनासुद्धा आंघोळ झाल्यासारखं वाटलं असावं. प्लेयरने डिस्क आत ओढली. बराच वेळ तो खोकला. मग सनई वाजली.

नवरा आला. व्याही भेटले. नाथाजी खुर्चीच्या कडेवर आले. सूचना देणाऱ्याचा आवाज आला, "आता मानाचे फेटे." पडद्यावर तरुण नाथाजी दिसले, डोक्यावर केस असलेले, हातात केशरी कापड घेऊन पुढे निघालेले. खऱ्या नाथाजींनी बोट उचललं. आणि त्याच क्षणी पडद्यावर एक गुलाबी कमळ उमललं.

त्या काळच्या शूटिंगवाल्यांना कमळांचा भारी सोस होता. कमळातून दोन बदाम निघाले, एकात नाथाजी, दुसऱ्यात लालासाहेब, दोघे एकमेकांभोवती नवरा-नवरीसारखे गरगर फिरले. मागे कुठलातरी धबधबा कोसळत होता. त्यावरून शूटिंगवाल्याचं नाव, गाव आणि फोन नंबर उड्या मारत गेला. राहीबाईने तोंडाला पदर लावला. नाथाजींचं बोट तसंच हवेत होतं. सोळा वर्षं जपलेला पुरावा ऐन वेळी कमळाने झाकला होता.

कमळ मिटलं. चित्र थोडं पुढे गेलं, करकरलं, आणि थांबलं. उन्हाने तेवढीच जागा खाल्ली होती. वरच्या कोपऱ्यात रंगीत चौकटी झाल्या होत्या, पण मधलं सगळं स्वच्छ दिसत होतं. हिरव्या लुगड्यातल्या भामाबाई, म्हणजे लालासाहेबांची आणि लीलाबाईंची आई, टाचा उचलून उभ्या होत्या. लालासाहेब त्यांच्यासमोर वाकले होते. भामाबाईंनी दोन्ही हात वर करून लेकाच्या डोक्यावरचा केशरी फेटा धरला होता, आणि त्या हसत होत्या. पुढचा एकच दात, तोही दिसत होता.

"आय," लीलाबाई म्हणाल्या.

भामाबाईंना जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. सोप्यात त्यांचा हार घातलेला फोटो होता, पण तो आधार कार्डावरून मोठा केलेला, आणि त्यात म्हातारी कुणीतरी दटावून बसवल्यासारखी दिसत होती. हसताना तिला सगळ्यांनी पाहिलं होतं, मात्र हसतानाची तिची एकही तसबीर घरात नव्हती. पहिल्यांदा आक्काताईंनी डोळे पुसले, मग लीलाबाईंनी. बायांनी खुरपी खाली ठेवली. वीरधवल चित्र मागे घ्यायला रिमोटकडे वळला, तर लालासाहेब खेकसले, "हात लावू नगंस." ते खाली, टीव्हीच्या अगदी पुढ्यात, लहान पोरासारखे मांडी घालून बसले.

बघा, फेटा आहे की नाही, हे वाक्य नाथाजींनी उंब्रजपासून तोंडात धरून ठेवलं होतं. आता ते म्हणायची पाळी आली होती आणि त्यांना ते म्हणवेना. म्हातारीने जावई म्हणून त्यांचे फार लाड केले होते. त्यांनी वर उचललेलं बोट हळूच खिशात घातलं.

लालासाहेब मान न वळवता बोलले. "दाजी, फेटा बांधला हुता तुमी."

"व्हय," नाथाजी म्हणाले.

"पर वाकडा बांधला हुता. आयला सरळ करायला लागला." त्यांनी नाक पुसलं. "तिनं काढून पुन्यांदा बांधायला घेतला, आन तेवढ्यात मंगलाष्टकं लागली. मग ऱ्हायलाच. तेवढं ध्यानात ऱ्हायलं, बगा. बोडक्यानं हुबा ऱ्हायलेलं."

नाथाजींनी त्या वाकडेपणाचा पुरावा मागितला नाही. खात्यातल्या कुणाला हे सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आणि मग वीज गेली. टीव्हीवरचं चित्र बारीक होत होत एक ठिपका झालं आणि विझलं. लालासाहेबांनी अंधाऱ्या काचेवर हात ठेवला. वीज परत आल्यावर डिस्क घातली, काढली, घातली, पुन्हा रिठ्याने धुतली, शेवटी धोंडिरामांची टूथपेस्टही झाली. प्लेयर नुसता खोकत राहिला. लीलाबाई भिंतीला टेकून बसल्या. दादाचं तोंड बघवेना झालं होतं.

वीरधवलने घसा खाकरला. मघाशी रिमोटला हात लावायची बंदी झाल्यावर काय करावं न कळून त्याने आपला मोबाईल काढून पडद्याचा फोटो घेतला होता. त्याने तो पुढे केला. टीव्हीच्या काचेत उजेड पडला होता, एका बाजूला खुरपी धरलेल्या बायांची सावली, दुसऱ्या बाजूला गळ्यात डिस्का घातलेले सुभेदार, पण मधोमध भामाबाई लेकाचा फेटा धरून हसत होत्या. सगळ्यांनी एकदम, मला पाठव, मला पाठव, सुरू केलं. राहीबाईनेही आपला नंबर सांगितला. क्लाउडवर सुद्धा टाकतो, आता माझ्याच नंबरावर, असं वीरधवल म्हणाला. नाथाजी म्हणाले, "आधी कागदावर छापून आण." यावेळी लालासाहेबांनी मेव्हण्याच्या बाजूने मत दिलं आणि पोरगा हरला.

चहा झाल्यावर नाथाजींनी बाहेर जाऊन बिराप्पाला फोन लावला आणि बांधला होता, एवढंच सांगितलं. मला ठावं हुतंच, बिराप्पा म्हणाला. त्याला लग्नाचं बोलावणंही गेलं.

आधार कार्डाची भामाबाई त्याच आठवड्यात भिंतीवरून उतरली आणि हसरी वर चढली. लालासाहेबांनी बागेतल्या उरलेल्या सगळ्या डिस्का उतरवून घेतल्या. एकेक रिठ्याने धुऊन, प्लेयरमध्ये घालून ते बघत बसले, कुठे आणखी आय दिसतीय का म्हणून. वास्तुशांतीत तिचा फक्त पदर सापडला, तोही त्यांनी तीनदा पाहिला. त्या वर्षी बांधाकडची द्राक्षं पाखरांनी खाल्ली. लालासाहेबांनी त्याबद्दल कुणाला बोल लावला नाही.

लग्नाआधी नाथाजींनी घरातल्या कळशीवर फेटा बांधायचा सराव केला. लीलाबाईंना पाण्यासाठी दुसरी कळशी काढावी लागली. लग्नाच्या दिवशी मांडवात पहिला फेटा लालासाहेबांचा. नाथाजींनी तो ओळंबा धरावा इतका सरळ बांधला, तुरा खोचला, दोन पावलं मागे जाऊन बघितला. दुसरा धोंडिरामांचा झाला, तिसरा बिराप्पाचा. त्याने पिवळा पटका घोंगड्यात गुंडाळून ठेवला आणि डोकं पुढे केलं.

लालासाहेब वीरधवलच्या मागे जाऊन उभे राहिले. भटजींनी घसा साफ केला. त्याच वेळी लालासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अंगठ्याने आपला फेटा एका बाजूला ढकलला. नाथाजींच्या नजरेतून ते सुटलं नाही. ते पुढे व्हायला गेले, पण लीलाबाई आधी पोचल्या. त्यांनी टाचा उचलल्या, लालासाहेब वाकले, आणि बहिणीने दोन्ही हातांनी भावाचा फेटा सरळ केला. दोघांचेही डोळे भरले होते, आणि दोघेही हसत होते.

"मामा, एकदा परत करा की," स्टेजखालून शूटिंगवाला ओरडला. "फोकस गेला होता."

भटजी थांबले. मांडव थांबला. आणि लालासाहेबांनी निमूटपणे फेटा पुन्हा वाकडा केला.